परसबागेतील श्रम, दुखणाईत शरीर आणि यंत्राचे बळ

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. खरिपाच्या दिवसांत घरातील धडधाकट माणसे सकाळीच कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या शेतांकडे निघून जातात. घरामागची भाजीची वाडी ज्यांच्या हाती उरते, ते बहुधा गुडघेदुखीने बेजार झालेली सासू, बाळंतपणातून नुकती उठलेली सून, किंवा दीर्घ आजारातून सावरत असलेला कर्ता पुरुष असे असतात. वांगी, टमाटर, भेंडी, चवळी, पालक आणि सांभार यांचे चार वाफे सांभाळणे हे हलके काम आहे, असा सर्वत्र समज आहे. हा समज बरोबर नाही. वाडीचे क्षेत्र लहान असले तरी गुंठ्यामागे लागणारे श्रम कापसाच्या मानाने कितीतरी अधिक असतात. पाणी जवळजवळ रोज द्यावे लागते, निंदण दर आठवड्याला निघते आणि तोडणी वाकूनच करावी लागते. ज्याच्या अंगी बळ कमी त्याच्याकडे हे काम येते, आणि ताज्या भाजीची गरजही त्यालाच सर्वाधिक असते.

विजेवर, बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणारी लहान अवजारे आता तालुक्याच्या दुकानांतूनही मिळू लागली आहेत. त्यांच्या साहाय्याने आजारी माणसाचे कष्ट कमी करता येतील काय, या प्रश्नाचे उत्तर सरसकट होय किंवा नाही असे देता येत नाही. यंत्र शरीरावरचा एक भार उतरविते. तथापि अनेकदा तोच भार ते दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवते. हातावरचा ताण पाठीवर जातो, पाठीवरचा श्वासावर जातो. हा भार कोठे जातो हे न पाहता घेतलेले यंत्र किती महागात पडते, याचा अनुभव याच जिल्ह्याने २०१७ साली घेतला आहे. त्याचा विचार पुढे येईलच. प्रथम वाडीतील सर्वांत जड काम कोणते ते पाहणे इष्ट ठरेल.

पाण्याचे ओझे

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. हिवाळा सरताना भाजीपाल्यास दिवसाकाठी साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका गुंठ्यास सुमारे ५०० लिटर पाणी होते. १५ लिटरच्या बादलीने ते ओढायचे तर ३३-३४ बादल्या होतात. याचा अर्थ असा की, विहिरीतून अर्धा टन वजन वर आणावयाचे आणि पुन्हा ते वाफ्यांपर्यंत वाहून न्यावयाचे. ज्यास हृदयाचा विकार आहे, ज्याचे अंगातील रक्त कमी आहे किंवा ज्याच्या पाठीचा कणा ताठरला आहे, अशा माणसाकडून हे रोज होणे शक्य नाही. मग वाडी फेब्रुवारीतच वाळते आणि घरात भाजीच्या जागी नुसते वरण किंवा चटणी येते.

हेच काम यंत्राच्या हिशेबाने किती आहे? आठ मीटर खोल पातळीवरून ५०० लिटर पाणी वर उचलण्यास लागणारी ऊर्जा विजेच्या एका युनिटाच्या नव्वदाव्या भागाएवढीच असते. लहान पंपात बरीच शक्ती वाया जाते हे लक्षात घेतले, तरी अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीने हे पाणी पाव युनिटात वर येते. माणसाचा कंबरडे मोडणारा तासा-दीड तासाचा श्रम आणि यंत्राची पंधरा-वीस मिनिटे, अशी ही तुलना आहे. म्हणून दुखणाईत माणसाच्या वाडीसाठी एकच यंत्र घेणे परवडत असेल, तर ते पाण्याचे असावे. फवारणीचा पंप, निंदणाचे यंत्र ही सर्व त्यानंतरची.

अर्ध्या अश्वशक्तीची मोटार घरगुती एकफेजी जोडणीवर चालते, हा तिचा आणखी एक मोठा गुण होय. शेतीपंपाचा त्रिफेजी पुरवठा आळीपाळीने रात्री येत असल्याने शेतकऱ्याला अंधारात उठून बांधावर जावे लागते, ही तक्रार जुनी आहे. आजारी माणसाला तर ते सर्वस्वी वर्ज्यच. घराच्या जोडणीवरील मोटार दिवसा, सवडीने, ओट्यावर बसून सुरू करता येते. मात्र विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप व्यवहारात सुमारे सात मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. उन्हाळ्यात पातळी त्याखाली जात असेल, तर पाण्यात बुडणारी मोटार घेणे भाग आहे. हे न सांगता विकलेले पंप मार्चनंतर नुसते फिरत राहतात आणि अखेर जळतात.

ओली जमीन, अनवाणी पाय आणि वीज हा संयोग धोक्याचा आहे, हे निराळे सांगावयास नको. योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारे संरक्षक उपकरण या दोन गोष्टी मोटारीच्या किमतीतच धरल्या पाहिजेत. त्या बाजूला ठेवून केलेली काटकसर ही काटकसर नव्हे.

पाणी वर आल्यावर पाईप हाती धरून वाफ्यावाफ्यांतून फिरणे हेही श्रमाचेच काम. त्यासाठी २०० लिटरचा ड्रम जमिनीपासून मीटरभर उंच, मजबूत चौथऱ्यावर ठेवून त्यातून ठिबक नळ्या सोडल्या, तर पुढील काम गुरुत्वाकर्षण करते. चौथऱ्याची उंची थोडकी असल्याने दाब कमी मिळतो, म्हणून नळ्या लांब नसाव्यात आणि जमीन शक्यतो सपाट असावी. पाणी गाळूनच ड्रममध्ये सोडावे, अन्यथा तोंडे बुजतात आणि ती उघडण्यासाठी पुन्हा वाकणे आलेच. मोटार ड्रम भरते, ड्रम वाडी भिजवितो आणि माणसाच्या वाट्यास एक कळ दाबणे व एक तोटी फिरविणे एवढेच उरते.

दुखणे कोणते, त्यावर अवजार

आजारी माणूस हा शब्द सैल आहे. यवतमाळ जिल्ह्यात तो निरनिराळ्या दुखण्यांना लावला जातो आणि प्रत्येक दुखण्याची वाडीतील मर्यादा वेगळी असते.

विदर्भात आणि विशेषतः येथील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. शरीरातील पाणी कमी होणे, अति श्रम, थंडीचा कडाका आणि जंतुसंसर्ग ही झटक्याची नेहमीची निमित्ते. हिवाळ्याच्या पहाटे थंड पाण्यात पाय बुडवून दारे धरणे म्हणजे यांतील दोन-तीन निमित्ते एकाच वेळी ओढवून घेणे होय. अशा रुग्णास ठिबकाचा लाभ वेळेच्या बचतीहून मोठा आहे. निंदणाचे किंवा गवत कापण्याचे पेट्रोलयंत्र मात्र त्याच्या हाती देणे अयोग्य. कारण यंत्राच्या वेगाशी जुळवून घेताना माणूस थकवा आला तरी थांबत नाही. वीस मिनिटे काम, मग सावलीत बसून पाणी, हा क्रम हाताच्या खुरप्याने पाळता येतो. चालत्या इंजिनापुढे तो मोडतो.

जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात जात राहिले, तर दात पिवळे पडतात आणि पुढे सांधे व पाठीचा कणा आखडू लागतो. अशा माणसाला बळ असते, पण वाकता येत नाही. त्याच्यासाठी इंजिनापेक्षा लांब दांड्याचे खुरपे, कमरेइतके उंच केलेले वाफे आणि मांडवावर चढणारी दोडकी, कारली, वाल ही अधिक उपयोगी. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व देणारा आहार या रोगात सांगितला जातो, आणि शेवग्याचा पाला व हिरव्या पालेभाज्या वाडीतच होतात.

चिकनगुन्यानंतर सांधे महिनोन्महिने दुखतात. मुठीत घट्ट धरून थरथरणारे यंत्र चालविणे हा त्या सांध्यांवर उघड अत्याचार आहे. क्षयातून बरे झालेल्या किंवा दम्याच्या रुग्णास दोन-धक्का इंजिनाचा धूर आणि कोरड्या मातीची धूळ बाधते. त्याने बॅटरीवरील अवजार निवडावे आणि माती भिजवून घ्यावी. ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसविला आहे, त्यांनी ठिणगीच्या इंजिनावर वाकण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

कुष्ठरोगातून मुक्त झालेल्या माणसाची अडचण सर्वांत निराळी. त्याच्या हाताला वेदनाच कळत नाही. तापलेल्या इंजिनाचा चटका, मुठीने पडलेले फोड त्याला जाणवत नाहीत आणि तेच पुढे जखमा होऊन बोटे घेतात. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते. तेथे बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये आनंदवनाची उभारणी सुरू केली. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांनी खडकाळ जागेत विहीर खोदली, जमीन तयार केली आणि धान्य व भाजीपाला पिकविला. रोगी हाताला काम दिले पाहिजे, हे तेथे निर्विवादपणे सिद्ध झाले. त्या हाताला कोणते अवजार द्यावयाचे, हा त्यापुढचा प्रश्न आहे. मूठ जाड व मऊ गुंडाळलेली, इंजिन हातापासून दूर, जाड हातमोजे आणि काम संपल्यावर तळहातांची डोळ्यांनी तपासणी, ही त्याची किमान पथ्ये होत.

फवारणीचा धडा

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. त्यांपैकी २० हून अधिक जण दगावले. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या दिवसांत खाटा अपुऱ्या पडत होत्या. शासनाने विशेष तपास पथक नेमले. बोंडअळीमुळे वाढलेल्या फवारण्या, डोक्याच्या वर गेलेला दाट कापूस, अनेक औषधांची केलेली मिश्रणे, दमट उष्मा, संरक्षक कपड्यांचा अभाव अशी अनेक कारणे या संदर्भात पुढे आली. त्यांत एक कारण यंत्राचे होते. ग्रामीण भागात चायनीज पंप या नावाने ओळखले जाणारे, बॅटरीवर किंवा इंजिनावर चालणारे स्वस्त फवारणी पंप तोवर घरोघरी पोहोचले होते.

या पंपांनी नेमके काय केले, हे समजून घेण्याजोगे आहे. जुन्या हातपंपात एका हाताने दांडा सतत हलवावा लागे. खांदा भरून येई, माणूस थांबे, तोंड पुशी, पाणी पिई. हा थकवा त्रासदायक होता, पण तो एक मर्यादाही घालीत होता. बॅटरीने दांडा काढून टाकला आणि मर्यादाही गेली. त्याच दिवसात अधिक टाक्या फवारल्या जाऊ लागल्या, दाब वाढल्याने तुषार अधिक बारीक झाले, ते हवेत अधिक वेळ तरंगू लागले आणि श्वासावाटे व ओल्या कपड्यांवाटे अंगात शिरू लागले. हातावरचा भार कमी झाला होता. तो फुप्फुसांवर आणि त्वचेवर गेला होता.

वाडीतील आजारी माणसासाठी यातून निघणारा निष्कर्ष कठोर आहे. बॅटरीचा पंप त्याच्या उपयोगाचा खरा, पण विषारी औषधासाठी नव्हे. मोनोक्रोटोफॉस या औषधाचा भाजीपाल्यावर वापर करण्यास देशात २००५ पासूनच बंदी असताना, कापसासाठी आणलेल्या बाटलीतील उरलेले औषध वांग्यांवर मारण्याची सवय अनेक गावांत दीर्घकाळ टिकून राहिली. भाजी चार दिवसांनी त्याच घरात शिजते, ही गोष्ट अशा वेळी विसरली जाते. ज्यास पूर्वी एकदा विषबाधा झाली आहे, त्याच्या शरीरातील मज्जासंस्थेस आवश्यक असे विकर पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. या अवधीत थोडेसे विषही अधिक घातक ठरते. अशा माणसाने डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत फवारणीच्या जवळपासही फिरकू नये.

वाडीपुरते पाच टक्के निंबोळी अर्काने बरेच काम भागते. १० लिटर पाण्यास ५०० ग्रॅम निंबोळ्यांची भुकटी या प्रमाणात ती थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून दोनदा गाळून उरलेले पाणी व थोडा साबणचुरा मिसळावा आणि अर्क त्याच दिवशी संपवावा. दोनदा गाळणे महत्त्वाचे, कारण बॅटरी पंपाचे तोंड बारीक असते. दुसरी गोष्ट वजनाची. १६ लिटरचा पंप रिकामा ५ ते ६ किलो भरतो. पूर्ण भरल्यावर पाठीवर २१-२२ किलो येतात. बॅटरीने दांड्याचे श्रम वाचविले तरी हे ओझे तसेच राहते. दुखऱ्या कमरेच्या माणसाने टाकी तिसरा हिस्साच भरावी, किंवा पंप पाठीवर न घेता चाकाच्या गाडीवर वा स्टुलावर ठेवून लांब नळीने फवारावे. कापसाला वापरलेला पंप वाडीत आणू नये. कितीही धुतला तरी नळ्यांत अंश राहतो.

खणणे आणि निंदणे

खणणीची आणि निंदणीची यंत्रे दिसावयास आकर्षक असतात. परंतु आजारी माणसाने ती स्वतः चालवावीत, असे त्यांचे स्वरूप नाही. निंदणाचे इंजिनयंत्र कडक काळ्या जमिनीत उसळते, वळणावर त्यास हातांनी रेटावे लागते. गवत कापण्याचे यंत्र सात-आठ किलो वजनाचे, खांद्यावर पट्ट्याने टांगलेले आणि दगड उडविणारे असते. अशा यंत्रांचा लाभ घेण्याचा योग्य मार्ग म्हणजे गावातील एका शिकलेल्या, निरोगी चालकाने ती चालवावीत आणि ज्यांना गरज आहे त्यांच्या वाड्या हंगामाच्या आरंभी एकदा तयार करून द्याव्यात. त्यानंतर तुऱ्हाटीचे तुकडे, सोयाबीनचे कुटार किंवा वाळलेला पाला यांचे आच्छादन घातले, तर निंदण पुष्कळ घटते आणि पाणीही कमी लागते. निंदण मुळातच कमी करण्याचा हा उपाय कोणत्याही इंजिनाहून स्वस्त पडतो. यंत्राच्या चर्चेत तो नेहमी मागे पडतो, हे खेदाचे आहे.

ग्रामपंचायतीच्या हाती असलेले

येथपर्यंतच्या सूचना एखाद्या सधन घरास सहज अमलात आणता येतील. प्रश्न भूमिहीन मजुराच्या, कोलामपोडावरील कुटुंबाच्या आणि एकट्या राहणाऱ्या विधवेच्या वाडीचा आहे. त्या दृष्टीने कायद्यातील एक तरतूद पंचायत सदस्यांनी नीट वाचण्यासारखी आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि कुष्ठरोगमुक्त व्यक्ती यांचा समावेश आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नापैकी ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. अनेक ठिकाणी हा निधी थोडीथोडी रोख रक्कम वाटून संपविला जातो, किंवा मार्चअखेर पडून राहतो. सिकलसेलचा रुग्ण दिव्यांग प्रमाणपत्रास पात्र ठरू शकतो, हेच पुष्कळांना ठाऊक नसल्याने त्याचे नाव यादीत येत नाही. शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या यांना गावातील असे रुग्ण माहीत असतात. जिल्हा रुग्णालयातील तपासणीसाठी त्यांना पाठविणे आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर नियमांत बसेल त्याप्रमाणे ड्रम, ठिबक संच वा लहान मोटार यांसाठी साहाय्य सुचविणे, हे गावपातळीवर होण्यासारखे काम आहे.

मोठ्या यंत्रांसाठी दुसरा मार्ग आहे. केंद्र शासनाचे कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून सुरू झाले. त्याखाली वैयक्तिक अवजारांस अनुदान मिळते, तसेच भाड्याने अवजारे देणाऱ्या अवजारे बँकांसही साहाय्य दिले जाते. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांनी या बँका भरून जातात, कारण त्यांचे भाडे अधिक. एखाद्या महिला बचतगटाने निंदणाचे एक यंत्र आणि दोन बॅटरी पंप एवढीच लहान बँक चालविली, तर आजारी माणसाच्या वाडीची गरज भागते. फक्त येथेही पंपांवर ठळक अक्षरांत लिहिलेले असावे की, हे पंप निंबोळी अर्कासाठीच आहेत. शाळांच्या परसबागेत विद्यार्थ्यांकडून असा अर्क तयार करून घेता येईल. यवतमाळ येथील कृषी विज्ञान केंद्र प्रशिक्षणासाठी जवळच आहे.

यंत्रे गावात येतात आणि दोन हंगामांत कोपऱ्यात पडतात, याचे कारण बहुधा बॅटरीत सापडते. फवारणी पंपातील शिशाची बॅटरी रिकामी करून महिनोन्महिने ठेवली की निकामी होते. पंप वापरात नसला तरी महिन्यातून एकदा ती पूर्ण भरावी, पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवावी, आणि संपलेली बॅटरी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातील शिसे ज्या मातीत झिरपते, त्याच मातीत पुढे पालक उगवतो. मोटार आणि ड्रम बसविण्यास दिवाळीनंतरचा काळ सोयीचा. रब्बीच्या भाज्यांचे वाफे तेव्हा ताजे असतात, विहिरींना पाणी असते आणि उन्हाळ्याची ओढ सुरू होण्यापूर्वी गळती, अर्थिंग व तोट्या तपासून पाहण्यास तीन-चार महिने हाती राहतात.